फुप्फुस नेमकं कुठे असतं? मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

थोरॅक्स, म्हणजे छातीचा भाग, सुरू झाला की सगळ्यांना हृदयाचं टेन्शन असतं, फुप्फुसाचं कुणालाच नसतं. मलाही नव्हतं. उजव्याला तीन लोब (भाग), डाव्याला दोन, भोवती प्ल्युरा या पातळ आवरणाचे दोन थर, संपलं. त्याच फुप्फुसावर इंटर्नलच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) मला वीसपैकी सहा पडले.

सरांनी विचारलं, "फुप्फुस कुठे असतं?" मी ताडकन म्हटलं, "प्ल्युरल कॅव्हिटीत." "त्या कॅव्हिटीत आणखी काय असतं?" मी म्हटलं, "हवा." सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाला न्यूमोथोरॅक्स झालाय?" न्यूमोथोरॅक्स म्हणजे त्या कॅव्हिटीत हवा शिरण्याचा आजार. पुढच्या एकाही प्रश्नाला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून खूप रडले.

ही चूक का होते, ते समजून घ्या. आपण डिसेक्शनच्या टेबलाजवळ, मृतदेहापाशी, पोचतो तोवर बहुतेक वेळा फुप्फुसं काढून ट्रेमध्ये ठेवलेली असतात. छातीत दोन्ही बाजूंना मोठे रिकामे खड्डे दिसतात आणि मन ठरवून टाकतं की हीच कॅव्हिटी, यातच फुप्फुस बसवलेलं होतं. जिवंत माणसात तो खड्डा नसतोच. प्ल्युरल कॅव्हिटी म्हणजे दोन थरांमधली फट, आणि तिच्यात जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. हवा अजिबात नसते. हवा असते फुप्फुसाच्या आत, अल्व्हिओलाय या बारीक हवेच्या पिशव्यांमध्ये. फुप्फुस त्या फटीच्या बाहेर असतं.

पटत नसेल तर भाजीची पातळ पिशवी घ्या, आतली हवा काढा आणि तोंडाला गाठ मारा. आता बाहेरून त्या पिशवीत मूठ खुपसा. मूठ म्हणजे फुप्फुस. मुठीला चिकटलेला थर व्हिसरल प्ल्युरा, बाहेरचा पराएटल. मनगटाशी एक थर वळून दुसरा होतो, ते मनगट म्हणजे रूट, फुप्फुसाचा देठ. मनगटाखाली जी दुहेरी घडी लोंबते, ती पल्मनरी लिगामेंट. मूठ पिशवीने वेढलेली आहे, पण पिशवीच्या आत नाही. गर्भातही असंच घडतं. लंग बड (फुप्फुसाचा अंकुर) आधीच तयार असलेल्या पोकळीत बाजूने घुसत वाढतो. हे मी दहा वेळा करून पाहिलं, तुम्हीही करा. व्हिडिओतली फिरणारी रंगीत फुप्फुसं बघून हे कळत नाही, कारण तिथे प्ल्युरा काढून टाकलेला असतो. सिनियरांच्या झेरॉक्स नोट्सवर तर माझा मुळीच विश्वास नाही. माझं ते उत्तर तिथूनच आलं होतं.

मला खरं शिकवलं ते डिसेक्शन हॉलमधल्या अटेंडंट मामांनी. दुसऱ्या टेबलवर छाती नुकतीच उघडली होती. मामा म्हणाले, "ताई, ग्लोव्ह घाला आणि हात बरगडीच्या आतून खाली सरकवा." बोटं फुप्फुसाच्या कडेखाली, डायफ्राम (श्वासपटल) आणि बरगड्यांच्या मध्ये शिरली. कॉस्टोडायफ्रॅग्मॅटिक रिसेस! तिथे फुप्फुस नव्हतंच, फक्त प्ल्युराला प्ल्युरा टेकलेला होता. पलीकडच्या बाजूला मात्र हात शिरेना, दोन्ही थर एकमेकांना चिकटले होते. जुन्या आजाराची खूण असावी, असं मामा म्हणाले.

त्या दिवसानंतर आकडे आपोआप लक्षात राहिले. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड मिडक्लॅव्हिक्युलर रेषेत (कॉलरबोनच्या मध्यातून खाली) सहाव्या बरगडीशी, मिडअ‍ॅक्झिलरीत (काखेच्या मध्यातून खाली) आठव्या, पाठीमागे दहाव्या. प्ल्युरा आठ, दहा, बारा. सगळीकडे दोन बरगड्यांचा फरक, आणि तो फरक म्हणजेच रिसेस. बसलेल्या पेशंटच्या प्ल्युरामध्ये पाणी झालं की ते आधी तिथेच साचतं. ते काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत घालतात, कारण व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह वरच्या बरगडीच्या खालच्या खोबणीतून जातात. आकडे नुसते घोकू नका. स्टर्नल अँगलशी (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्याशी) दुसरी बरगडी धरा आणि तिथून रूममेटच्या छातीवर मोजत या.

नर्व्ह सप्लाय व्हायवात हमखास विचारतात. व्हिसरल प्ल्युराला वेदना कळत नाही, पराएटलला चांगलीच कळते. डायफ्रामच्या मध्यभागावरचा प्ल्युरा दुखावला की फ्रेनिक नर्व्हमुळे खांदा दुखतो, हेही सांगा.

बाकी घाबरू नका, फुप्फुस खरंच सोपं आहे. बाजू ओळखताना फक्त लोब मोजू नका. उजव्या फुप्फुसाची हॉरिझॉन्टल फिशर (लोबमधली आडवी भेग) पुष्कळदा अर्धवट असते आणि उजवं फुप्फुस डावं वाटतं. एपेक्स (टोक) वर, पातळ धारदार कड पुढे, हायलम (जिथे रूट जोडलेलं असतं ती जागा) आतल्या बाजूला, असं धरा की बाजू कळते. हायलममध्ये ब्राँकस (श्वासनलिकेची शाखा) सर्वांत मागे, हे दोन्हीकडे सारखं.

तुमच्या टेबलवरची छाती अजून उघडली नसेल, तर फुप्फुस काढण्याआधी रिसेसमध्ये हात घालू द्याल का, हे सरांना आजच विचारून ठेवा. एकदा ते ट्रेमध्ये गेलं की तुम्हालाही फक्त खड्डाच दिसेल.