मॉन्स्टरचा फटका किती ठेवायचा? पहिल्या लेव्हलची पार्टी वाचवायचं गणित

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून डाइसने खेळायचा गोष्टीचा खेळ, त्यात प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, सगळी मिळून पार्टी, आणि समोरचे मॉन्स्टर ठेवणं-चालवणं हे माझं काम. माझ्या टेबलावर एक मैत्रीण पहिल्यांदाच हा खेळ खेळायला आली होती. आठवडाभर बसून तिने विझर्ड (जादूगार) बनवली, तिला स्वतःच्या आजीचं नाव दिलं, घर का सोडलं, कोणावर राग आहे सगळं लिहून आणलं, आणि पहिल्याच फाइटमध्ये ऑर्क नावाच्या मॉन्स्टरच्या कुऱ्हाडीचा क्रिट बसला, १९ डॅमेज, हिचे एचपी ८. नुसती बेशुद्ध नाही, थेट मेली. पुढचे दोन तास ती बिचारी आमचं खेळणं बघत बसली. डाइसचा काही दोष नव्हता, तो ऑर्क तिथे मी ठेवला होता. तेव्हापासून कुठलीही फाइट टेबलावर आणायच्या आधी मी ती कागदावर लढवून बघते, दहा-पंधरा मिनिटं लागतात, तीच पद्धत सांगते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: एचपी म्हणजे कॅरेक्टरमध्ये किती जीव उरलाय, एसी म्हणजे त्याला फटका बसणं किती अवघड. अटॅक करणारा २० बाजूंचा डाइस टाकतो, त्यात बोनस मिळवतो, बेरीज एसीएवढी किंवा जास्त आली की फटका बसला, मग डॅमेजचे डाइस. थेट २० पडले तर क्रिट, डॅमेजचे डाइस डबल. खालचे आकडे पाचव्या एडिशनचे, २०१४ च्या नियमांचे आहेत, २०२४ मध्ये काही मॉन्स्टर बदलले पण पद्धत तीच चालते.

पहिलं काम, प्रत्येक कॅरेक्टरचे एचपी आणि एसी एका कागदावर लिहून काढा. उदाहरणाला आपण दोघंच घेऊ: फायटर, एचपी १२, एसी १६, आणि विझर्ड, एचपी ८, एसी १२. कागदावर सगळ्यात नाजूक कॅरेक्टरला गोल करा. पूर्ण गणित त्याच्याभोवती फिरणार आहे, पार्टीच्या सरासरीभोवती नाही, कारण सरासरी कधी मरत नाही, माणूस मरतो.

दुसरं, फटका बसायची शक्यता काढा. सोपं आहे, २१ मध्ये मॉन्स्टरचा अटॅक बोनस मिळवा, त्यातून एसी वजा करा, जे येईल ते २० पैकी. गॉब्लिन म्हणजे छोटा मॉन्स्टर, त्याचा बोनस ४, म्हणजे फायटरसमोर २० पैकी ९, विझर्डसमोर २० पैकी १३. गॉब्लिनच्या तलवारीचा डॅमेज १डी६+२ (म्हणजे सहा बाजूंचा एक डाइस आणि वर २), सरासरी साडेपाच. क्रिट धरून हिशोब केला तर एका राऊंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राऊंड) एक गॉब्लिन फायटरचे साधारण २.६५ आणि विझर्डचे ३.७५ एचपी खातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याच्यावर पुढे येतेच.

तिसरी पायरी बरेच जण करतच नाहीत आणि माझा घोळ पण इथेच झाला होता. सरासरी बघून थांबू नका, सगळ्यात मोठा फटका किती बसू शकतो ते बघा. नियम असा आहे की एचपी शून्यावर आणून उरलेला डॅमेज जर कॅरेक्टरच्या कमाल एचपीएवढा किंवा जास्त असेल तर ते जागीच मरतं, वाचायचे रोल वगैरे काही मिळत नाहीत. म्हणजे पूर्ण ८ एचपीच्या विझर्डला एका फटक्यात १६ बसले की खेळ खलास. ऑर्कची कुऱ्हाड १डी१२+३, साध्या फटक्यात जास्तीत जास्त १५, म्हणजे विझर्ड थोडक्यात वाचते, पण क्रिटमध्ये २डी१२+३ होतात आणि निम्म्याहून जास्त वेळा १६ किंवा वर जातात. ओगर हा धिप्पाड मॉन्स्टर तर क्रिटची पण वाट बघत नाही, त्याचा सोटा २डी८+४, सरासरी १३, आणि साध्याच फटक्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा १६ किंवा वरचे असतात. हे आकडे एकदा स्वतः काढून बघितले की पहिल्या लेव्हलला ओगर आणताना हात थांबतो.

आता संख्या. चार गॉब्लिन ठेवले आणि चौघं मिळून विझर्डवर गेले तर एका राऊंडला सरासरी १५ डॅमेज, ८ एचपी असलेल्या माणसाला. फायटरवर गेले तरी साडेदहा, म्हणजे तो पण जेमतेम उभा. जीव घेतो तो एकट्या मॉन्स्टरचा फटका कमी आणि एका राऊंडला किती फटके येतात तो आकडा जास्त. २०१४ च्या नियमांत यासाठी गुणाकार होता, चार गॉब्लिनचे २०० एक्सपी (मॉन्स्टर हरवल्याचे पॉइंट) दुप्पट करून ४०० धरायचे, आणि पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ४०० म्हणजे बरोब्बर डेडली, जीवघेणी फाइट. २०२४ मध्ये तो गुणाकारच काढून टाकला, तिथे २०० म्हणजे सगळ्यात हलकी फाइट. गॉब्लिन चारच, पार्टी तशीच, आणि लेबल एकदम दोन टोकांची, म्हणून मी लेबलवर अवलंबून राहत नाही, राऊंडचे फटके मोजते. चार ठेवायचेच असतील तर दोन आधी आणा, दोन तिसऱ्या राऊंडला झाडीतून येऊ देत.

फाइट किती राऊंड चालेल तेही बघा. पहिल्या लेव्हलला माणशी साधारण ५ डॅमेज धरा, चौघांचे २०. ओगरचे एचपी ५९, म्हणजे तीन राऊंड, आणि तेवढ्यात तो साधारण दोनदा लागणार. त्याच्या सरासरी १३ ला १२ एचपीचा फायटर पण पडतो. दोन फटके, दोन माणसं आडवी.

मग ओगर आणायचाच नाही का? आणा, पण फटका फोडा. एक १३ चा सोटा काढून १डी६+३ चे दोन अटॅक द्या, सरासरी साडेसहा-साडेसहा, बेरीज तीच १३. कागदावर मॉन्स्टर तेवढाच ताकदवान राहिला, पण विझर्ड पहिल्या फटक्याला बहुतेक वेळा उभी राहते, तिला मागे सरकायला संधी मिळते, आणि पूर्ण एचपीवर असताना क्रिट बसला तरी जास्तीत जास्त १५, जागीच मरायला १६ लागतात. मला हा बदल इतका आवडतो की पहिल्या दोन लेव्हलला मोठे एकटे मॉन्स्टर मी असेच चालवते. एचपी कमी करण्यापेक्षा हे बरं, एचपी कमी केले की मॉन्स्टर भीती वाटायच्या आत मरतो. दुसरा सोपा उपाय, डाइस न टाकता छापलेला सरासरी डॅमेजच द्यायचा, नियमात तशी मुभा आहे.

माझा अंदाज असा ठेवलाय: नाजूक कॅरेक्टर दोन फटक्यांना पडावं, दणकट तीन-चार फटक्यांना, एका फटक्यात कोणीच नाही. याच्याहून मऊ केलं तर खेळणाऱ्यांना कळतं, मग कोणी झाडामागे लपत नाही, कोणी हीलिंग जपून वापरत नाही.

पडलेल्या कॅरेक्टरचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. शून्यावर गेलं की दर टर्नला २० चा डाइस, १० किंवा वर आलं तर यश, तीन यशं आधी झाली तर वाचलं, तीन अपयशं झाली तर मेलं. पण बेशुद्ध माणसाला अगदी जवळून मारलं आणि फटका बसला तर तो आपोआप क्रिट असतो आणि त्याची दोन अपयशं धरतात, म्हणजे एका गॉब्लिनने खाली पडलेल्यावर दोनदा तलवार चालवली की संपलं. माझे गॉब्लिन पडलेल्याला सोडून उभ्या असलेल्यावर जातात, त्यांना स्वतःचा जीव प्यारा असतो. भुकेलेलं जनावर असेल तर ते पडलेल्याला ओढत नेतं, तेही भीतीदायकच आहे पण पार्टीला मागे धावायला वेळ मिळतो. क्लेरिककडे, म्हणजे जखमा बऱ्या करणाऱ्या कॅरेक्टरकडे, हीलिंग वर्ड हा स्पेल (मंत्र) आहे का हे पण बघून घ्या, ६० फुटांवरून, त्याच टर्नमधल्या जादा कृतीत म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये पडलेला माणूस उभा होतो, तो स्पेल असलेल्या पार्टीला एखादा गॉब्लिन जास्त पेलतो.

आणि एक विनंती, पडद्यामागे डाइस बदलू नका. एकदा खेळणाऱ्यांना शंका आली की त्यांच्या जिंकण्याला पण अर्थ राहत नाही. त्यापेक्षा म्होरक्या पडल्यावर बाकीचे पळतील किंवा दुसरी तुकडी उशिरा येईल असं आधीच लिहून ठेवा, मग डाइस सगळ्यांसमोर टाका.

पाचव्या लेव्हलला हीच विझर्ड साधारण ३२ एचपीवर असते, फायटर ४४ वर, तेव्हा मूळ ओगर पण चालतो. तिथे काळजी एकाच वेळी सगळ्यांना लागणाऱ्या डॅमेजची. शत्रूच्या फायरबॉल या आगीच्या स्पेलचे ८डी६ म्हणजे सरासरी २८, सेव्ह (फटका चुकवायचा रोल) झाला तर निम्मे. पूर्ण एचपीवर विझर्ड बहुतेक वेळा टिकते, पण आधीच एक फटका खाल्ला असेल तर नाही, म्हणून असा शत्रू मी दिवसाच्या पहिल्या फाइटला ठेवते, शेवटच्या नाही.

सेशन संपला की त्याच कागदावर प्रत्येकाचे सगळ्यात कमी झालेले एचपी लिहून ठेवा. कोणीच निम्म्याच्या खाली गेलं नसेल तर पुढच्या वेळी एक गॉब्लिन वाढवा, एकच.