मंडळीतून ग्रामसभेत जाताना

रविवारची उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता कोणीतरी म्हणतंच, “बाई, राजकारण आपलं काम नाही. आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे.” वचन खरं आहे, बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं. पण ते लिहिलं कुणाला? फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना. त्याच शहरात हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला चौकशीवाचून छड्यांनी झोडपून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायला माणसं पाठवली, तर पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला (प्रेषितांची कृत्ये १६). हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि मगच ग्रामसभेला जायला घराबाहेर पडा. सरपंचाच्या आधी आपल्याच मंडळीतल्या थोरामोठ्यांना उत्तर द्यावं लागतं, हा माझा अनुभव.

पुढचं काम ग्रामसभेला द्यायच्या अर्जाचं. तो कसा लिहायचा ते बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात आहे. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या लोकांसमोर उभ्या राहिल्या. आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, तेवढ्यासाठी त्याचं नाव का बुडावं, आम्हाला वतन द्या. काय घडलं, त्यात अन्याय कोणता, मागणं काय. चौथी गोष्ट नाही. परमेश्वर म्हणाला, मुलींचं म्हणणं रास्त आहे, आणि वारसाचा नियम अख्ख्या इस्राएलासाठी बदलला. मी जन्मभर शाळेत निबंध तपासले, पण इतकं नेटकं लेखन क्वचित हाती आलं.

आणि तरी माझा पहिला अर्ज फसला. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या गावात कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा गारा. एका श्रावणात पेटी खांद्यावर घेतलेल्या चौघांपैकी एकाचा पाय रुतला, पेटी कलली, आणि मयताची म्हातारी बहीण मोठ्याने ओरडली. तो आवाज कानात घेऊन मी दोन पानं लिहिली. प्रत्येक परिच्छेदात ‘आमचा ख्रिस्ती समाज’. ग्रामसभेत वाचून दाखवलं. मागे बसलेले एक माळकरी आजोबा उठले. “बाई, तुमच्या मेलेल्यांना रस्ता पाहिजे, बरोबर आहे. त्याच गाऱ्यातून आमची जिती पोरं शाळेत जातात, त्यांचं तुमच्या कागदात काय?”

काहीच नव्हतं. मी खाली बसले.

घरी येऊन यिर्मया २९ उघडलं. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने पत्र पाठवलंय: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या हिताची चिंता करा, कारण त्याचं बरं झालं तर तुमचं बरं होईल. ज्या सत्तेने यरुशलेमेवर हात टाकला तिचंच ते नगर, तिथे मूर्तींची देवळं. तरी हीच आज्ञा. मी मात्र गावात राहून गावाबाहेरचा अर्ज लिहिला होता. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या, म्हणजे वसईची हिरवाई वाचवण्याच्या, लढ्यात उभे राहिले, तेव्हा प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा होता. विहिरीचं पाणी आटलं तर ते कुणाची जात-धर्म विचारून आटत नाही.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा केला. शाळा, मळ्यातली सात घरं, कब्रस्तान, या क्रमाने. खाली पहिली सही त्या आजोबांची.

आता व्यवहाराचं. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. अर्ज सभेत हातात देऊ नका; आधी ग्रामपंचायतीत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “देतो नंतर” म्हटलं तर खुर्चीवर बसून राहा, हसत बसा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी ती लागते. म्हणून तरुण संघ आणि महिला मंडळाने पाच-दहा माणसं नेली तरी फरक पडतो. शेजारच्या वस्तीलाही बोलवा. ठराव झाला की तो प्रोसिडिंगात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिला का ते पाहा. आमचा ‘चर्चा झाली’ एवढ्यावरच आटपला होता! ठरावाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. लूक १८ मधली विधवा न्याय मागत अन्यायी न्यायाधीशाकडे नुसती जात राहिली. येशूने तो दाखला प्रार्थनेसाठी सांगितला हे मला ठाऊक आहे, पण तिच्या चपला किती झिजल्या असतील हाही विचार मनात येतोच.

निवडणुकीचं थोडं वेगळं. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं पहिले तीमथ्य २ सांगतं. ती निवडून आलेल्या सगळ्यांसाठी करायची, आपण मत दिलेल्यापुरती नाही. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारं रोमकरांस १३ वाचताना १ शमुवेल ८ सोडू नका. राजा तुमची मुलं घेईल, शेतं घेईल, दशमांश घेईल, हे राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेल संदेष्ट्याने आधीच बजावलंय. आणि वेदीवरून पक्षाचं नाव निघता कामा नये. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण ठरतं, आणि धार्मिक जागेचा राजकीय प्रचारासाठी वापर १९८८ च्या कायद्याने गुन्हा आहे. पाळकसाहेबांना हे आधीच सांगून ठेवा, कारण नाताळच्या आसपास उमेदवार केक घेऊन येतातच आणि “दोनच शब्द बोलतो” म्हणतात. बाकावर बसवा, चहा द्या, माईक देऊ नका. प्रश्न विचारायचे तर फाटकाबाहेर, रस्त्यावर उभं राहून. आमच्याकडे आता तिथे मुरूम पडलाय, उभं राहता येतं.