रोबोचा होज परत येतोय का? ड्रेस पॅकवर सेन्सर बसवताना

वेल्डिंग किंवा हँडलिंग रोबोच्या खांद्यावरून मनगटाकडे जाणारा जाड नालीदार होज म्हणजे ड्रेस पॅक. वेल्डिंग केबल, पाण्याचे आणि हवेचे पाइप, सिग्नलच्या वायरी सगळं त्याच्या पोटात. मनगट लांब गेलं की तिसऱ्या अक्षावरच्या (रोबोच्या तिसऱ्या सांध्यावरच्या) स्प्रिंग बॉक्समधून होज बाहेर ओढला जातो. मनगट जवळ आलं की स्प्रिंग त्याला मागे घेते. बिघाड बहुतेक वेळा या परतीत होतो. होज अडकून मागे आला नाही तर त्याचा फुगा लोंबतो, फिक्स्चरच्या (जॉब धरणाऱ्या साच्याच्या) क्लॅम्पमध्ये सापडतो आणि पुढच्या सायकलला फाटतो. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये फाटलेला होज बदलायला शिफ्ट जाते. आत पाणी असेल तर साफसफाई वेगळी.

म्हणून सेन्सरला पहिला प्रश्न विचारायचा तो एवढाच: रोबो होमला (सायकल सुरू होते त्या ठरलेल्या जागी) आला, मग होजही आला का? होज किती ओढला गेला, हा प्रश्न त्यानंतरचा.

दोन प्रॉक्सींनी भागतं

बहुतेक रोबो सेलना दोन इंडक्टिव्ह प्रॉक्सी, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता सिग्नल देणारे सेन्सर, पुरतात. एम१८ (१८ मिमी आट्याच्या), २४ व्होल्ट, पीएनपी (प्लस व्होल्टचा सिग्नल देणाऱ्या), फ्लश बॉडी (धातूत तोंडापर्यंत बसवता येणाऱ्या), ८ मिमी रेंजच्या. वेल्डिंगजवळ असतील तर चुंबकीय क्षेत्राने न फसणाऱ्या आणि स्पॅटर (वेल्डिंगचे उडणारे थेंब) न चिकटणाऱ्या कोटिंगच्याच घ्या. साध्या प्रॉक्सीत वाचवलेले पैसे खोट्या अलार्ममध्ये जातात.

टार्गेट बसवायचं ते होजवरच्या त्या रिंगवर, जिला स्प्रिंग ढकलते. ही रिंग सहसा प्लास्टिकची असते, त्यामुळे प्रॉक्सीला दिसत नाही. तिला एम.एस.ची (सौम्य पोलादाची) दोन तुकड्यांची कॉलर लावा, ४० मिमी रुंद. ॲल्युमिनियमची नको. प्रॉक्सीची छापील रेंज सौम्य पोलादासाठी असते, ॲल्युमिनियमवर ती निम्म्याहून कमी होते. एका बाजूला पट्टी चिकटवून काम उरकू नका. सहावा अक्ष (मनगटाचा शेवटचा सांधा) फिरला की होजला पीळ पडतो आणि पट्टी सेन्सरसमोरून निघून जाते. पूर्ण गोल कॉलर असली की पीळ कितीही पडो.

खात्रीची रेंज छापील आकड्याच्या ८१ टक्के धरतात, म्हणजे ८ मिमीच्या प्रॉक्सीला साधारण ६.५. कॉलर गोल असल्याने आणि होज आडवा हलत असल्याने गॅप ३ मिमीच ठेवा. मग होज हाताने दोन्ही बाजूंना दाबून बघा, एलईडी लुकलुकता कामा नये.

पहिली प्रॉक्सी होमच्या जागी, नॉर्मली ओपन (कॉलर समोर आली की चालू होणारी). वायर तुटली तर ‘होज आला नाही’ असंच दिसेल आणि रोबो थांबेल. दुसरी स्ट्रोकच्या (होज बाहेर येऊ शकतो त्या पूर्ण अंतराच्या) ९० टक्क्यांवर, नॉर्मली क्लोज्ड (कॉलर समोर आली की बंद होणारी). इथे वायर तुटली तर ‘जास्त ओढला’ असा अलार्म येतो. वेगात होज दुसऱ्या प्रॉक्सीच्या पुढे निघून गेला तर सिग्नल पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून पीएलसीत (सेल चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) त्याला लॅच करायलाच, म्हणजे रीसेट करेपर्यंत धरून ठेवायलाच हवं.

होम प्रॉक्सीच्या तोंडावर लोखंडी कीस साठला की ती कायम ‘आला’ म्हणत राहते. प्रत्येक सायकलमध्ये रोबो सर्वांत लांबच्या बिंदूवर असताना ती बंद झालीच पाहिजे, ही अट प्रोग्राममध्ये घाला. ही एक ओळ बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

मिलिमीटरमध्ये हवं असेल तर

महागडे वॉटर-कूल्ड पॅक असतील तर ५०० मिमीचा ड्रॉ-वायर सेन्सर (ड्रमवरून बारीक तार किती ओढली गेली ते मोजणारा) लावा, आउटपुट ४–२० मिलीॲम्प. एका मिलिमीटरला ०.०३२ मिलीॲम्प पडतात. सिग्नल ४ च्या बराच खाली गेला तर वायर तुटली हे लगेच कळतं. ० ते १० व्होल्टच्या सेन्सरमध्ये ही सोय नाही.

सेन्सर स्प्रिंग बॉक्सच्या बॉडीवर बसवा आणि वायरचं टोक कॉलरला जोडा, मध्ये फिरता हुक घालून. वायर सरळ रेषेत ओढली गेली पाहिजे. तिरकी ओढली की तोंडाशी घासून तुटते. धूळ आत जाऊ नये म्हणून वायरचं तोंड खाली ठेवा. जोडताना वायर हातातून सुटू देऊ नका, सटकन परत गेली की आतला ड्रम बिघडतो. सिग्नल केबल शील्डेड घ्या आणि वेल्डिंग केबलला बांधू नका.

हे काम रोबोचा वीज आणि हवेचा पुरवठा लॉक करूनच करा. स्प्रिंग बॉक्स उघडायचा असेल तर आधी मेकरच्या पद्धतीने ताण सोडा. वीज बंद असली तरी दाबलेली स्प्रिंग बोट मोडू शकते. नंतरची चाचणी मॅन्युअल मोडमध्ये, २५० मिमी प्रतिसेकंदाच्या आत. आणि हा सिग्नल इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत घालू नका. तो प्रोसेस होल्डसाठी (काम तात्पुरतं थांबवण्यासाठी) आहे, माणसाच्या सुरक्षेसाठी नाही.

मर्यादा ठरवणं

हवा आणि पाणी चालू ठेवूनच ड्रॉ-वायर सेन्सरचं रीडिंग घ्या. दाबाखाली होजची लांबी बदलते, हायड्रॉलिक होजमध्ये तर २ टक्के वाढ ते ४ टक्के घट इतकी. प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेगाने २० सायकल चालवा आणि होम व सर्वांत लांबच्या बिंदूवरचं कमाल-किमान लिहून ठेवा. दोन्ही टोकांना १० मिमी वाढवून पट्टा धरा. उदाहरणार्थ, ३०० मिमी स्ट्रोकच्या युनिटवर होमला ८ ते १२ आणि लांबच्या बिंदूला २३४ ते २४० आलं, तर होमची मर्यादा २२, लांबची २२४ ते २५०, आणि २७० ला तात्काळ होल्ड. होमचं रीडिंग रोबो थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने घ्या, होज तेवढा वेळ झुलतो. पट्ट्याबाहेर सलग तीन सायकल गेल्या तरच वॉर्निंग द्या.

नागपुरात एकदाच घेतलेलं रीडिंग वर्षभर चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली आणखी चढतो. होज मऊ पडून लोंबतो. डिसेंबरच्या सकाळी तोच होज ताठ असतो आणि हळू परततो. मे, पोळ्याच्या आसपास आणि डिसेंबर, असं तीनदा रीडिंग घ्या. थंडीत सुट्टीनंतरच्या पहिल्या सायकल कमी वेगाने चालवल्या की खोटे अलार्म कमी होतात.

आकडे काय सांगतात

होमचा आकडा आठवड्या-आठवड्याने १२, १८, २५ असा चढत असेल तर गाइडमध्ये स्पॅटर साठलाय किंवा स्प्रिंग थकलीय. आधी गाइड साफ करा, मग स्प्रिंगकडे बघा. एकदम चढला तर होज कुठे तरी अडकलाय. प्रोग्राम न बदलता लांबच्या बिंदूचा आकडा वाढला तर होज मनगटाला गुंडाळला जातोय का, किंवा आतली एखादी केबल आखडून ताणतेय का, हे तपासा.

सगळ्यांत फसवं प्रकरण उलटं असतं. होम अगदी बरोबर, लांबच्या बिंदूचा आकडा मात्र हळूहळू कमी होतोय, आणि तरी होज लोंबतोय. इथे होज रिंगमधून पुढे सरकलेला असतो. सेन्सरला रिंग दिसते, होज दिसत नाही. रिंगच्या कडेला लागून होजवर पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारून ठेवा. रेघ रिंगपासून ५ मिमी सरकलेली दिसली की क्लॅम्प सोडून होज जागेवर आणा, क्लॅम्प कसा आणि रीडिंग नव्याने घ्या.