डेटाबेस सर्व्हर उठत नाही? कॉन्फिग फाइलमधली चूक अशी शोधा

सोमवारी सकाळी लालबागच्या एखाद्या पतपेढीत काउंटरसमोर रांग लागलेली असते आणि सॉफ्टवेअर कनेक्शन मिळत नाही म्हणून अडून बसतं. रात्री वीज गेली होती. लिनक्स मशीन परत चालू झालं, पण मायएसक्यूएल (म्हणजे डेटाबेस सर्व्हर) उठलंच नाही. खापर विजेवर फुटतं. पण कॉन्फिग फाइल, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची फाइल, सर्व्हिस सुरू होतानाच वाचली जाते, त्यामुळे मे महिन्यात कोणी केलेला चुकीचा बदल जुलैतल्या पहिल्या रीस्टार्टला उघडा पडू शकतो. म्हणून अंदाजाने ओळी बदलत बसू नका. काय बिघडलंय ते आधी सर्व्हरलाच विचारा. (खालच्या कमांड टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

१. लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या नोंदी, वाचा. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल' ही कमांड (रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर शेवटी 'मायएसक्यूएलडी') सर्व्हिसची अवस्था दाखवते. उबंटूवर सविस्तर कारण /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/ मधल्या एरर लॉगमध्ये मिळतं, रेड हॅट घराण्यात /व्हार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग मध्ये. शेवटची ओळ बहुधा 'अबॉर्टिंग' एवढंच सांगते. वर सरकत जा आणि त्या प्रयत्नातली पहिली 'एरर' ओळ गाठा. 'अननोन व्हेरिएबल' असं दिसलं तर पुढे त्या सेटिंगचं नावच छापलेलं असतं.

२. नेमकी कोणती फाइल वाचली जाते ते पाहा. 'मायएसक्यूएलडी --व्हर्बोज --हेल्प' चालवलं की सुरुवातीलाच फाइलींची यादी क्रमाने येते: आधी /ईटीसी/माय.सीएनएफ, मग /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ, वगैरे. एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर नंतर वाचलेली किंमत लागू होते. उबंटूवर मुख्य फाइलमध्ये फारसं काही नसतं. खरा मजकूर मायएसक्यूएल.कॉन्फ.डी या फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी.सीएनएफ मध्ये, आणि मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) असेल तर ५०-सर्व्हर.सीएनएफ मध्ये असतो. ग्रेप या शोधाच्या कमांडने शोधताना सेटिंगचं नाव डॅश आणि अंडरस्कोअर अशा दोन्ही प्रकारे शोधा, कारण सर्व्हरला दोन्ही चालतात.

इथे एक जागा फार फसवी आहे. बॅकअप म्हणून फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये 'जुनी.सीएनएफ' नावाने ठेवली, तर सर्व्हर तीही वाचतो! त्या फोल्डरमधली .सीएनएफने संपणारी प्रत्येक फाइल त्याच्या दृष्टीने चालू कॉन्फिगच असते. मग तुम्ही एका फाइलमध्ये किंमत बदलता आणि दुसरीतली जुनी किंमत तिच्यावर बसू शकते. प्रत नेहमी होम फोल्डरमध्ये ठेवा.

३. नेहमीचे संशयित तपासा. आवृत्ती ५.७ वरून ८.० वर गेलात आणि फाइलमध्ये 'क्वेरी कॅशे साइझ' ही ओळ राहिली, तर सर्व्हर सुरू होणार नाही; ८.० मध्ये क्वेरी कॅशे काढूनच टाकलं आहे. सर्व्हरची सेटिंग चौकटी कंसातल्या 'मायएसक्यूएलडी' या गटाखालीच हवी. 'मायएसक्यूएल' गटाखाली लिहिली तर ती कमांड लाइन क्लायंटला जाते.

परवानग्यांचा घोळ याहून वाईट, कारण त्यात सर्व्हर सुरू होतो. कोणी वैतागून फाइलला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) दिलं असेल, तर कोणालाही लिहिता येणारी फाइल म्हणून मायएसक्यूएल ती वाचतच नाही, फक्त इशारा देतं. मग बफर पूल (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) मुळातल्या १२८ एमबीवर आणि कनेक्शनची मर्यादा १५१ वर येते, आणि ऑफिसभर 'आज सिस्टिम स्लो आहे' एवढीच ओरड होते. फाइल रूटच्या मालकीची आणि ६४४ (लिहिणं फक्त मालकाला, वाचणं सगळ्यांना) ठेवा.

डेटा फोल्डर नव्या डिस्कवर हलवला, मालकी बरोबर आहे, तरी 'परमिशन डिनाइड' येतंय? उबंटूवर ॲपआर्मर आणि रेड हॅटवर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणा तपासा. ते बंद करू नका, नव्या जागेची परवानगी त्यात नोंदवा.

४. एका वेळी एकच बदल, आणि आधी तपासणी. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून 'सुडो -यू मायएसक्यूएल मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग' ही सोय आहे. चूक नसेल तर ती काहीच छापत नाही. मारियाडीबीत हा पर्याय नाही.

५. सुरू झाल्यावर किंमत कुठून आली ते बघा. मायएसक्यूएल ८ मध्ये परफॉर्मन्स स्कीमा या सर्व्हरच्या आतल्या डेटाबेसमधलं 'व्हेरिएबल्स इन्फो' हे टेबल प्रत्येक सेटिंगचा उगम फाइलच्या पत्त्यासकट दाखवतं. उगम 'पर्सिस्टेड' आला तर कोणीतरी 'सेट पर्सिस्ट' (सेटिंग कायमची साठवणारी कमांड) वापरलेलं आहे. ती किंमत डेटा फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ मध्ये असते आणि ती शेवटी वाचली जाते. ती फाइल हाताने खोडू नका, 'रिसेट पर्सिस्ट' द्या.

सर्व्हर चालू आहे पण शेजारच्या मशीनवरून जोडणी होत नाही, असं असेल तर बाइंड ॲड्रेस (सर्व्हर ज्या पत्त्यावर जोडण्या घेतो तो) बघा. १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनला उत्तर मिळतं. तिथे ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कचा पत्ता द्या. 'एसएस -एलटीएनपी' लावून ३३०६ पोर्ट कोणत्या पत्त्यावर उघडा आहे ते खात्रीने कळतं.

आणि बदल केला की रीस्टार्ट त्याच दिवशी, काउंटर बंद झाल्यावर, तुम्ही तिथे असतानाच करा. रविवारी मेगाब्लॉकमध्ये डोंबिवलीहून लालबाग गाठायचं म्हणजे दुपार होते.