डीईएफच्या टाकीची काळजी

डीईएफ म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, डिझेल गाडीच्या धुरातले घातक नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा द्रव. त्याच्या टाकीचं झाकण मी आधी पुसतो, मगच उघडतो. धूळ आत गेली तर पंप आणि धुरात द्रव फवारणारं नोझल दोन्ही धोक्यात. द्रवात ३२.५ टक्के युरिया, बाकी खनिजविरहित पाणी. म्हणून शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओतायचा विचारही करू नका. त्यातले क्षार कॅटॅलिस्टची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाची, वाट लावतात. डीईएफ न वापरताच गाडी चालावी म्हणून सेन्सरला चकवणारं यंत्र मी कुणालाच बसवून देत नाही. नायट्रोजन ऑक्साइड मग थेट लोकांच्या छातीत जातात.

नोझलवर पांढरे खडे दिसले तर खरवडू नका. कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, विरघळतील. टाकीत चुकून डिझेल पडलं, तर चावी फिरवूच नका. पंपाने ते ओढलं की रबरी सील फुगतात. आधी टाकी रिकामी करून घ्या.