छोट्या धंद्याचा डेटा कसा लावावा: आधी पार्ट्यांची (गिऱ्हाईक-पुरवठादारांची) यादी, मग बाकी सगळं

नागपूरच्या इतवारीतला होलसेलवाला असो की हिंगणा एमआयडीसीतलं दहा-बारा माणसांचं युनिट, डेटाचा विषय निघाला की पहिला सल्ला मिळतो तो नवं सॉफ्टवेअर घेण्याचा. तो ऐकू नका. हिशेबाला टॅली आहे, एक्सेल आहे, तेवढ्यावर भागतं. घोडं अडतं ते दुसऱ्या पायरीवर.

पहिली पायरी. गेल्या दोन आर्थिक वर्षांची विक्री, खरेदी आणि येणं-देणं टॅलीतून एक्सेलमध्ये काढा आणि प्रतीवरच काम करा. पाइप फिटिंगचा धंदा असेल तर साइजचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर १/२ इंचाची एक्सेल तारीख करून टाकतं.

दुसरी पायरी: एक गिऱ्हाईक, एक खातं. मीसुद्धा सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच. छिंदवाड्याचं एकच दुकान टॅलीत 'अंबिका ट्रेडर्स', 'श्री अंबिका', 'अंबिका ट्रे. छिंदवाडा' अशा तीन नावांनी बसलेलं असतं, चौथं खातं मालकाच्या आडनावाने. बिल एका खात्यात, जमा दुसऱ्यात. एकीकडे थकबाकी दिसते, दुसरीकडे ॲडव्हान्स. येणं असं खात्या-खात्यांत विखुरल्यामुळे वसुलीचा फोन कोणीच करत नाही.

यावर बहुतेक जण सांगतात की नावं अक्षरानुसार लावा आणि सारखी दिसणारी एक करा. हा सल्ला घातक आहे. 'श्री' लागला की नाव यादीत कुठल्या कुठे जातं, ते सुटतं. आणि छिंदवाड्याची अंबिका नि गोंदियाची अंबिका, दोन वेगळी दुकानं, एका खात्यात जातात. सुटलेली दोन खाती उद्याही जोडता येतील. चुकून मिसळलेली बिलं वेगळी करायला महिने जातात.

नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा. जीएसटी क्रमांकाची अक्षरं पंधरा. पहिली दोन राज्याची: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. नागपूरचा माल या तिन्ही राज्यांत जातो, त्यामुळे एकाच मालकाचं एक दुकान इथे आणि एक रायपूरला, असं सर्रास असतं. दोघांचा जीएसटी क्रमांक वेगळा, पॅन एकच. एक्सेलच्या 'मिड' फॉर्म्युल्याने ती दहा अक्षरं वेगळ्या रकान्यात काढा आणि त्यावर यादी लावा. खाती मात्र जीएसटी क्रमांकाप्रमाणे वेगळीच ठेवा. उधारीची मर्यादा पॅनवर ठरवा.

जीएसटी नसलेल्यांसाठी मोबाइल नंबर धरा, सुरुवातीचं शून्य, +९१ आणि मधल्या जागा काढून. पण कुठे मुलाचा नंबर असतो, कुठे मुनीमजींचा. म्हणून यादी छापा आणि वसुलीला जाणाऱ्या माणसासोबत चहा घेत बसा. सिवनीचा कोणता आणि बालाघाटचा कोणता, हे त्यालाच ठाऊक असतं. हे काम कॉम्प्युटर येतो म्हणून नव्या पोराच्या गळ्यात घालू नका.

आता जोडणी. कोणतं खातं ठेवायचं ते ठरवा. बाकीच्यांची शिल्लक जर्नल व्हाउचरने (एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळवायची नोंद) त्यात आणा, पण बिलागणिक, मूळ बिल नंबर आणि तारखेसह. एकरकमी आणली तर वर्षभर जुनी उधारी आजची दिसू लागते. रिटर्न भरून झालेल्या बिलांना हात लावू नका, आणि सुरुवात करण्याआधी सीएंना विचारा. १ एप्रिलचा मुहूर्त सगळ्यात सोयीचा. जुन्या खात्याच्या नावापुढे 'बंद' लिहा, मग ते जुनं नाव ठेवलेल्या खात्यात 'एलियस' (त्याच खात्याचं दुसरं नाव) म्हणून टाका. टॅली एकच नाव दोन ठिकाणी घेत नाही, म्हणून हाच क्रम. काउंटरवरचा माणूस सवयीने जुनं नाव टाइप करेल आणि बरोबर खातं उघडेल.

नवं खातं उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. काउंटरवर कितीही गर्दी असली तरी. हे पाळलं नाही तर सहा महिन्यांत परत तीच खिचडी.

तिसरी पायरी, मालाची यादी: हीच रीत, फक्त पेटी आणि नग एका रकान्यात मिसळू नका.

चौथी, बॅकअप: रोज, आणि एक प्रत दुकानाबाहेर. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावेच लागतात.

पाचवी पायरी, वापर. रंगीत आलेख नकोत. दर सोमवारी तीन गोष्टी पाहा: कोणाचं येणं मुदतीबाहेर गेलं, कोणता माल हलला नाही, कोणाला पैसे द्यायचे आहेत. तिसऱ्यासाठी पुरवठादारांच्या यादीत उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि पैसे द्यायचे ठरलेले दिवस असे दोन रकाने जोडा. २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं देणं मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, दिलं नाही, तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो.

कूलरच्या सामानाचा धंदा असेल तर फेब्रुवारीतच मागच्या दोन उन्हाळ्यांची विक्री पंधरवड्यागणिक आणि गावागणिक काढा. पंप कोणत्या गावात मार्चमध्ये उठतात, वाळ्याच्या ताट्या कुठे मे महिन्यापर्यंत मागितल्या जातात, ते समोर येईल. जुलैत जो माल पडून राहिला होता, त्याची ऑर्डर आधी कमी करा. तो पैसा पुढच्या मार्चपर्यंत गोदामात अडकतो.