इंधनासाठी धाग्याची पिके : कापणीच्या वेळेतल्या या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नुसते वजन बघून कापणी करणे. फुलोऱ्यातला हेम्प (भांगेच्या जातीचे धाग्याचे पीक) किंवा अंबाडी डोळ्यांत भरते आणि कापायचा मोह होतो. पण हिरव्या धांड्यात निम्म्याहून जास्त पाणी असते. भट्टीची बरीच उष्णता ते उडवण्यातच जाते. पाल्यात पोटॅशियम आणि क्लोरीनही भरपूर. पोटॅशियममुळे राख कमी तापमानातच वितळून जाळीवर घट्ट खडे धरते, क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्या गंजतात. असे खडे वारंवार निघत असतील, तर भट्टी दुरुस्त करण्याआधी कापणीची तारीख तपासा.

जाळायचेच असेल तर थांबा. स्वीडनमध्ये घन इंधनाचा हेम्प हिवाळाभर शेतात उभा ठेवून वसंताच्या तोंडावर कापतात. तोवर पाला गळतो, धांडे वाळते, पाऊस आणि वितळत्या बर्फाने क्षार धुऊन जातात. वजन घटते हे खरे. मिस्कॅन्थससारख्या गवतात ही घट एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकते. मला मात्र हा तोटा वाटत नाही. गळतो तो मुख्यतः पाला. भट्टीला तो नकोच असतो, मातीला हवा असतो. मिस्कॅन्थस तर बहुवार्षिक आहे. हिरवे असतानाच कापले, तर कंदाकडे परतायची अन्नद्रव्ये शेताबाहेर जातात आणि पुढचा फुटवा दुबळा येतो.

बायोगॅससाठी हेच थांबणे चूक ठरते. पीक जून झाले की लिग्निन, म्हणजे धांड्याला लाकडासारखा कडकपणा देणारा घटक, वाढते, आणि ते जिवाणूंना पचत नाही. तिथे ओले, कोवळेपण न गेलेले पीकच कापून मुरघास करावा.

उभे पीक फार लांबवले तर वादळात लोळते, माती चिकटते आणि कमावलेली राखेतली घट हातची जाते. दीर्घ काळ उभ्या राहिलेल्या हेम्पची साल सुटून यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळते, म्हणून पाती धारदार ठेवा आणि थांबून थांबून साफ करा.

गठ्ठे बांधण्याची घाईही नको. दव उतरल्यावर, दुपारी बांधा. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला की साठवण निर्धास्त. फार ओले गठ्ठे आतून तापतात, बुरशी धरतात, क्वचित पेटही घेतात. गठ्ठ्याच्या मध्यात लांब दांड्याचा तापमापक खुपसून पहिले काही आठवडे नोंद ठेवा.